नळीतला पीळ

ड्रॅगुनोव्ह रायफलीकडे पाहताना नजर आधी जिथे जाते, तिथे काहीच नसतं. थरावर थर चिकटवून केलेल्या लाकडाच्या तिच्या दस्त्याच्या मधोमध एक ऐसपैस पोकळी आहे; नको होतं ते सारं कोरून काढलेलं, आणि हवं तेवढंच लाकूड हाताभोवती, खांद्यापाशी उरलेलं. या पोकळीतून अंगठा सहज आरपार जातो, गाल वरच्या छोट्या गादीवर विसावतो, आणि सव्वा मीटर लांबीचं हे शस्त्र दुर्बिणीसकट जेमतेम ४.३ किलोंत बसतं. ही पोकळी योजणारा येवगेनी ड्रॅगुनोव्ह १९२० साली इझेव्हस्कच्या बंदूक घडवणाऱ्या घराण्यात जन्मला. तो स्वतः स्पर्धेत उतरणारा नेमबाज होता आणि सैन्यासाठी ही रायफल करण्याआधी त्याने क्रीडास्पर्धांच्या रायफली घडवल्या होत्या. १९६३ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेल्या त्याच्या अर्धस्वयंचलित रायफलीत मैदानावरची ती नजाकत आली. पण नळीच्या टोकाशी संगीन अडकवायची सोयही आली! दूरवरचा नेम धरणाऱ्या रायफलीला संगीन कशाला, असं आपण हसून विचारावं, आणि उत्तर समोरच असावं: ही एकांतात बसणाऱ्या शिकाऱ्याची नव्हे, तुकडीबरोबर चालणाऱ्या शिपायाची रायफल आहे.

आता तिच्या दुर्बिणीतून पाहू. पीएसओ-१ ही चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण. तिच्या काचेवर मधोमध फुली नाही. टोक वर असलेला एक बारीक बाण आहे आणि त्याच्या खाली उतरत गेलेले आणखी तीन. पहिल्या बाणाने हजार मीटरपर्यंतचा नेम, खालच्यांनी ११००, १२०० आणि १३००. पण रसिकाने थांबावं ते डावीकडे खाली, जिथे एका आडव्या रेषेवर एक वक्ररेषा हलकेच झुकत गेली आहे. १.७ मीटर उंचीचा माणूस त्या दोहोंच्या मध्ये उभा धरायचा. त्याचं डोकं वक्ररेषेला जिथे टेकेल तिथला आकडा म्हणजे शंभराच्या पटीतलं अंतर. ज्याला गणित करायला उसंत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी ते काचेवर आधीच करून ठेवलं आहे. ही रेषा मला अतिशय देखणी वाटते आणि तितकीच अस्वस्थ करते, कारण तिच्याखाली धरायचा तो माणूस खराखुरा असतो.

दस्ता आणि काच पाहून झाल्यावर मात्र आपण नळीपाशी रेंगाळायला हवं, कारण या रायफलीचं सारं मर्म नळीच्या आत, डोळ्यांआड आहे. नळीच्या आतल्या अंगाला कोरलेले खाचांचे वळसे गोळीला गिरकी देतात, आणि दोरीतून सुटलेला भोवरा जसा फिरता असेतो ताठ उभा राहतो तशी ती गोळी हवेत तोंड न वळवता सरळ जाते. पहिल्या ड्रॅगुनोव्हच्या नळीत हा पीळ ३२० मिलीमीटरला एक फेरा असा सैल होता, आणि तिच्यासाठी खास घडवलेल्या काडतुसाला तो नेमका मानवत असे: शंभर मीटरवर सारे घाव सुमारे तीन सेंटिमीटरच्या आत. पुढे १९७०च्या दशकात हा पीळ घट्ट करून २४० मिलीमीटरवर आणला गेला. चिलखतभेदी आणि पेटत्या गोळ्या लांब असतात. त्यांना हवेत तोल सांभाळायला अधिक वेगाची गिरकी लागते. त्या गोळ्या सुधारल्या आणि जी गोळी आधी उत्तम जात होती ती किंचित बिघडली. तिनाच्या ठिकाणी साडेतीनहून थोडं अधिक झालं. अर्ध्या बोटाचाही नसलेला हा फरक, पण या रायफलीचं सौंदर्य मला त्यातच सापडतं. तिने अचूकतेचा ध्यास कधी धरलाच नाही. जितकी हवी तितकी अचूकता ठेवून उरलेली तिने लढाईच्या हवाली केली.

संग्राहक मात्र नेमका हाच त्याग मनाला लावून घेतात. अमेरिकेत, आयातीवर निर्बंध येण्याआधी, तिच्या चिनी आवृत्तीचे, एनडीएम-८६चे, मोजके नमुने आणि नागरी विक्रीसाठी काढलेल्या रशियन ‘टिग्र’ पोहोचल्या. टिग्रला ३२०चाच सैल पीळ असतो, हे जाणणारा माणूस ते सांगताना आवाज थोडा खाली आणतो. रुमानियाची पीएसएल दिसायला थेट तिची बहीण, तोच पोकळ दस्ता, तशीच दुर्बीण. पण आत उघडून पाहिलं तर घडण कलाश्निकोव्हची, तिचा जड दट्ट्या प्रत्येक गोळीसरशी मागे धावणारा. ड्रॅगुनोव्हचा दट्ट्या वेगळा आणि हलका, एक छोटा धक्का देऊन थांबणारा, म्हणून गोळी सुटताना आत कमी वस्तुमान हलतं आणि नेम कमी ढळतो. बाह्यरूपावर भाळलेला आणि अंतरंग वाचणारा, यांतला भेद इथे कळतो.

भंडारा जिल्ह्यातल्या करडीत बसून कुणी या रायफलीचे गोडवे गावेत याचं नवल वाटू नये. आपल्याकडे असं शस्त्र घरात ठेवणं कायद्याला मंजूर नाही हे खरं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकालाही दोनच बंदुका ठेवता येतात; तेव्हा संग्राहकाची हौस इथे मनातच फेडायची. भारतीय सैन्याने मात्र ड्रॅगुनोव्ह दशकानुदशकं वापरली, आणि तिच्या जागी येऊ लागलेली फिनलंडची साकोही परदेशीच. शिवाय अचूकतेचा उगम नळीच्याही मागे, काडतुसातल्या दारूत असतो. कणाकणाचा आकार आणि जळण्याचा वेग सारखा असेल तरच प्रत्येक गोळी सारख्या वेगाने सुटते, आणि असं प्रोपेलंट बनवणारी आयुध निर्माणी आपल्याच जिल्ह्यात, जवाहरनगरला आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. रायफलीचं कौतुक करणाऱ्याने ही गोष्टही त्या कौतुकात धरायला हवी. नेमाची किंमत नेमबाजाच्या फार अलीकडे, दारू घडवणाऱ्याकडून वसूल होते.

परदेशी शस्त्राची आवड या मुलखाला नवी नाही. भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा पाया घालणाऱ्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार युरोपात घडलेल्या सरळ, एकधारी पात्याची. पातं परक्या लोहाराचं. मुठीवर सोन्याची नक्षी आपली, आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत धन्याचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा शाहू महाराजांनी दिलेला किताब. परकं शस्त्र आपलं कसं करून घ्यावं, ते या अक्षरांत दिसतं. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावात ती निघाली, महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. सरकारने संग्राहक व्हावं, ही गोष्ट मला फार आवडली.

माझी सूचना विचारलीच तर एवढीच: या तलवारीला नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात जागा द्यावी आणि शेजारच्या पेटीत सैन्याने निकाली काढलेली एक ड्रॅगुनोव्ह ठेवावी. तिचा दस्ता, दुर्बीण सारं जसंच्या तसं. फक्त नळी मात्र लांबीने चिरून उघडी करावी, वर नीट उजेड सोडावा, आणि शाळेच्या पोरांना बोटाने ते वळसे मोजू द्यावेत.