तिठ्यावरचा राग

‘ईडिपस’ म्हणजे नियतीचं नाटक, असं आपण कॉलेजपासून ऐकत आलो. मला ते अर्धंच पटतं. तो तिठा डोळ्यांसमोर आणा. फोकिसमध्ये डेल्फीचा आणि दौलियाचा रस्ता जिथे मिळतो, ती जागा. समोरून गाडी येते. गाडीवान आणि आतला म्हातारा ईडिपसला वाटेतून ढकलायला बघतात. हा चिडून गाडीवानाला मारतो, म्हातारा याच्या डोक्यात पराणी हाणतो, आणि मग, योकास्टाला तो स्वतःच सांगतो, मी सगळ्यांना ठार केलं. बापाचा खून भाकितात होता, मान्य. पण वाट कुणी द्यायची यावरून हात उचलायचा, हे कुठल्या देवाने सांगितलं होतं?

आता ‘कोलोनसमधला ईडिपस’ घ्या. सोफोक्लीस गेल्यावर, इसवी सनपूर्व ४०१ मध्ये ते रंगभूमीवर आलं. आंधळा ईडिपस इथे कबूल करतो की स्वतःला शिक्षा करताना माझा राग फार पुढे गेला. आपल्याला वाटतं, चला, शहाणा झाला! तेवढ्यात मुलगा पोलिनायकीस भेटायला येतो. अँटिगनी बापाला आधीच विनवते: वाईट मुलं इतरांनाही असतात, रागही येतो, पण जवळच्यांच्या शब्दाने तो निवळतो. बाप मुलाचं ऐकून घेतो आणि शाप देतो, भावाच्या हातून मरशील, तूही त्याला मारशील.

पोलिनायकीस परत फिरतो. जाताना बहिणींकडे एवढंच मागतो, मला नीट पुरा. अँटिगनी ते ऐकत उभी आहे.