वय मोजले, वाढ राहिली

बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटर उंचीवर का? यामागे शरीरशास्त्र नाही. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ यांनी ज्या कठड्याला टोपल्या लावल्या, तो दहा फुटांवर होता, एवढेच. ही उंची लहानांसाठी कमी करावी, असे एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल या संस्थांनी २०१८ मध्ये सुचवले. सात-आठ वर्षांसाठी आठ फूट, नऊ ते अकरासाठी नऊ फूट. हे स्वागतार्हच आहे. पण बाराव्या वर्षी कडी दहा फुटांवर जाते आणि मुलग्यांच्या हाती मोठ्यांचा, सुमारे ६०० ग्रॅमचा चेंडू येतो.

हा टप्पा नेमका चुकीच्या जागी आहे. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास. कोणाची दोन वर्षे आधी, कोणाची नंतर. एकाच बाकावरची दोन मुले वयाने सारखी, शरीराने मात्र निराळी असतात.

आता हिशेब करू. दीड मीटर उंचीवरून, चार मीटर अंतरावरून हा चेंडू कडीत टाकण्यास किमान १७ ज्यूल ऊर्जा लागते (हवेचा रोध वगळून). कडी फूटभर खाली आणली तर १६. कडी तिथेच ठेवून ४८० ग्रॅमचा चेंडू दिला तर १४ पेक्षाही कमी!

सिमेंटमध्ये रोवलेला खांब शाळेला हलवता येत नाही. चेंडू बदलता येतो. तो जन्मतारखेवरून न देता उंचीच्या नोंदी पाहून द्यावा. उशिरा वाढणारा मुलगा तेवढ्यासाठी मैदान सोडणार नाही.