लवण आणि लावण्य

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसणारी आपली मुले रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश ही नावे घडाघडा म्हणतात. समतोल, लय, प्रमाणबद्धता हे शब्दही त्यांना पाठ असतात. तरीही चित्र समोर आले की लहानथोर सारेच प्रथम विचारतात, “हे कोणाचे?” उत्तर मिळाले की पाहणे संपते. कलेच्या मूलतत्त्वांचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते.

ही तत्त्वे पडताळून पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. लोणारचे दैत्यसूदन मंदिर हे लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे देऊळ. ती कथा क्षणभर बाजूस ठेवून बाहेरची भिंत पाहावी. तळाचा आराखडा अनियमित तारकाकृती आहे. त्यामुळे भिंत सरळ न धावता कोन करीत पुढे येते आणि मागे सरते. प्रत्येक कोनाला एक उभी कड आणि कडेलगत सावलीची एक उभी पट्टी. शिल्पकाराजवळ रंग नव्हते. त्याने ते काम छायेकडून करून घेतले. या उभ्या रेषांना आडव्या थरांनी बांधून ठेवले आहे, म्हणून इतकी मोडलेली भिंत विस्कळीत वाटत नाही. कोन पुन्हा येतो, पण तंतोतंत तसाच येत नाही. लय म्हणतात ती हीच. ऊन सरकले की सावल्यांच्या पट्ट्या रुंदावतात, आणि सकाळी पाहिलेली भिंत दुपारी वेगळी भासते. मूर्ती किती आणि कोणाच्या, हे मोजत फिरणाऱ्या प्रवाशाला यांतले काहीच दिसत नाही. (२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा मात्र सर्वांनाच रंग दिसला!)

ही तत्त्वे पाश्चात्त्यांकडूनच आली, असाही एक समज आहे. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ही टीका कामसूत्रावरील आहे, म्हणून कोणी दचकू नये. प्रमाणाला इंग्रजी पुस्तकांत प्रतिशब्द सापडतो. लावण्ययोजनेला तितका नेमका मिळणे कठीण. लावण्य या शब्दात लवण आहे, आणि मीठ मुठीने घालायचे नसते.

आपल्या प्रार्थनामंदिरांचे दुखणे नेमके हे आहे. वेदीमागे चकचकीत फरशी, तीवर रंगीत दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकची फुले, जरीचे पडदे आणि तीन आकारांचे तीन पुतळे. प्रत्येक वस्तू भक्तीनेच अर्पण केलेली असते, त्यामुळे एकही काढायला कोणी धजत नाही. पण सर्वच वस्तू एकाच आवाजात बोलू लागल्या, तर मिस्सेच्या वेळी डोळ्याने स्थिरावे कोठे? रिकामी भिंत आपल्याला दारिद्र्याची खूण वाटते. अवकाश हाही चित्राचा घटक आहे, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. सजावट समितीला नसते.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्या वाट्याला असेच पाहणे आले. जन्माने गोव्याचे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात घडलेले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढणारे हे कलावंत. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, म्हणून गोव्यात रोष झाला. पुढे कौतुक झाले तेही बव्हंशी साडीचेच. दोन्ही पक्षांनी विषय पाहिला. त्यांच्या रेषेचा संयम आणि आकृतीभोवती राखलेली शांतता यांविषयी फारच थोडे लिहिले गेले. त्यांची काही चित्रे माझ्या मते अधिक गोड झाली आहेत. मिठाचा हात तेथे चुकला आहे. परंतु हे म्हणण्यासाठीही साडीच्या पलीकडे पाहावे लागते. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जुन्या गोव्याला जाणाऱ्या यात्रेकरूंना ते वाटेपासून फार दूर नाही.