पिवळी माती आणि निळे पिंप

येलो डर्ट : लेखिका ज्यूडी पास्टरनाक, फ्री प्रेस, २०१०

शिरूर-दौंड भागातल्या विज्ञान शिक्षकांशी किरणोत्साराविषयी बोलू लागलो की एक प्रश्न हमखास येतो : "आपल्याकडे आहे का हे?" भूविज्ञानाने द्यायचे उत्तर सोपे आहे. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो आणि या खडकात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी असते. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी युरेनियमची खाण कधी नव्हती. तरीही युरेनियमच्या खाणींवरचे हे पुस्तक या दोन तालुक्यांतल्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावे, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नवाहो आदिवासींचा प्रदेश आहे. १९४४ ते १९८६ या काळात तिथून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले. पहिली मागणी होती अण्वस्त्रांसाठी. पुढे खाणी बंद पडल्या, कंपन्या निघून गेल्या आणि ५०० हून अधिक खाणी मागे राहिल्या. पास्टरनाक यांनी यावर २००६ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली होती. तिचेच हे विस्तारलेले रूप. मॉन्युमेंट व्हॅली परिसरातल्या एका कुटुंबाच्या पिढ्यांचा धागा धरून त्या सारा इतिहास सांगतात.

पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग घरांविषयीचा आहे. खाणीपाशी पडलेले दगड बांधकामाला सोयीचे होते, फुकट होते. तिथली टाकाऊ वाळू सिमेंटमध्ये छान मिसळायची. लोकांनी त्यातूनच भिंती उभारल्या, घरातली जमीन केली. मुले टाकाऊ मालाच्या ढिगांवर खेळली. खाणीच्या खड्ड्यांत साचलेले पाणी माणसे आणि मेंढ्या दोघेही प्याली. विष घरात आले ते असे, उपयोगी वस्तू म्हणून, घरच्यांनीच उचलून आणलेले.

हे धोकादायक आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते का? जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाण कामगारांमधला फुप्फुसाचा कर्करोग १८७९ सालीच नोंदला गेला होता. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून युरेनियम खाण कामगारांचा अभ्यास केला, पण ज्यांचा अभ्यास चालला होता त्यांना धोका सांगितला नाही. नवाहो भाषेत तर किरणोत्साराला शब्दच नव्हता. सरकारी कागद आणि घरातल्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून लेखिका हे दाखवते. ही पद्धत हेच पुस्तकाचे खरे बळ.

विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र पुस्तक काही ठिकाणी अपुरे वाटेल. पत्रकाराची लेखणी माणसांमागे धावते, त्यामुळे कारणांची साखळी आपल्यालाच फळ्यावर मांडावी लागते. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४५० कोटी वर्षे. त्याच्या मालिकेत पुढे रेडियम-२२६ येते, अर्धायुकाल १,६०० वर्षे. रेडियमपासून रेडॉन-२२२ हा वायू होतो, अर्धायुकाल जेमतेम ३.८ दिवस. वायू असल्यामुळे तो जमिनीतून, भिंतीतून निघून बंद खोलीत साठतो. त्यापासून होणारी घन मूलद्रव्ये श्वासावाटे फुप्फुसात चिकटतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदानेही अडतो असे आपण वर्गात शिकवतो. ते खरेच आहे, पण फुप्फुसाच्या आत कागद कुठला असणार? आणखी एक गोष्ट. खनिजातले युरेनियम काढून घेतले तरी मूळ किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग उरलेल्या चोथ्यात राहतो. 'माल काढला, आता नुसती वाळू उरली' ही समजूत म्हणूनच घातक ठरली. एवढे समजले की पुस्तक वाचून नुसती भीती उरत नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची मोठी औद्योगिक वसाहत आहे. कुरकुंभ परिसरातून विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हा रात्री लोकांना घरे सोडावी लागली. इथे प्रश्न किरणोत्साराचा नाही, रसायनांचा आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये. पण घरात शिरण्याची वाट तीच. कारखान्यातून रिकामी झालेली निळी पिंपे भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळतात आणि टंचाईत टँकरचे पाणी त्यांतच साठवले जाते. सगळीच पिंपे वाईट असतात असे नाही, काहींतून खाद्यपदार्थही येतात. मात्र काही सेंद्रिय रसायने प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतात. नुसते विसळून ती जात नाहीत.

विहिरींचेही असेच. बेसॉल्टमधले पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहते. म्हणून एक विहीर बिघडते आणि शेजारची चांगली राहते. "अमक्याच्या विहिरीला काही झाले नाही" हा पुरावा होऊ शकत नाही. शाळेतला टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो, द्रावके दाखवत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि जड धातू तसेच राहतात. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

नवाहोंना सावध करणारा शब्द त्यांच्या भाषेत नव्हता. आपल्या मुलांच्या घरातल्या पिंपावर शब्द असतो, पण तो इंग्रजीत, अर्धवट खरवडलेला. नववी-दहावीच्या मुलांना एक साधे काम द्यावे. आपल्या घरच्या पिंपावरचे लेबल जसेच्या तसे उतरवून आणायचे. वर्गात त्याचे मराठी करायचे, धोक्याच्या चिन्हांचा अर्थ लावायचा. लेबलच नसेल तर 'माहीत नाही' असे लिहायचे आणि त्या पिंपात पिण्याचे पाणी भरायचे नाही.

जाणकार होते, पण उंबरठ्यापर्यंत कोणी आले नाही, असे हे पुस्तक सांगते. आपल्या गावात त्या उंबरठ्यापर्यंत रोज पोचते ती शाळा.