घाशीराम आणि त्याच्यामागची भिंत

जुलमी राज्यकर्त्याचें चित्र रेखाटणाऱ्या कलावंतापुढें एक मोठा मोह उभा असतो. जुलमी माणूस बहुधा विक्षिप्त असतो, आणि दुरून पाहणाऱ्यास विक्षिप्तपणाची गंमत वाटते. त्याचीं फर्मानें, त्याचे पोषाख, त्याच्या वल्गना पाहून प्रेक्षक हंसूं लागतो. आणि या एका माणसाचें वेड सबंध शहरानें निमूटपणें कां चालूं दिलें, हा प्रश्न विचारावयाचें विसरून जातो. जी कलाकृति हा प्रश्न विसरूं देत नाहीं, तीच आमच्या मतें जुलमाचें खरें चित्र होय. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाची योग्यता याच कसोटीवर ठरवावयास हवी.

इतिहासांतला घाशीराम सावळदास १७७७ सालीं पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ पर्यंत त्या जागीं राहिला. त्या वर्षाच्या ऑगस्टांत तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा त्याच्या हुकमतींत कोंडला गेला व त्यांतील कित्येक गुदमरून मेले. तेव्हां कोठें शहर खवळलें. जमावानें नाना फडणविसांकडे दाद मागितली. घाशीराम जमावाच्या हातीं दिला गेला आणि लोकांनीं त्याला दगडांनीं ठार केलें. चौदा वर्षें ज्याला सोसलें त्याला पाहतां पाहतां संपविलें! हें सोसणें आणि हें संपविणें यांचा संबंध काय, हाच तेंडुलकरांच्या नाटकाचा विषय आहे.

१६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्याच्या भरत नाट्य मंदिरांत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचें, संगीत भास्कर चंदावरकरांचें. रंगभूमीवर ब्राह्मणांची एक रांग उभी असते. ती गाते, नाचते, कीर्तनास डोलते, आणि पाठ फिरविली कीं तिचीच भिंत होते. जें झांकावयाचें तें त्या भिंतीआड घडतें. आमच्या नाशिकच्या प्रा. वसंत कानेटकरांनीं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकांत थोर पुरुषाच्या घरांतील व अंतःकरणांतील कलह दाखविला. तेंडुलकर कोणाच्याच अंतःकरणांत फारसे शिरत नाहींत. ते भिंत दाखवितात, आणि ही भिंत माणसांची आहे हें विसरूं देत नाहींत.

घाशीरामाच्या अंमलांतील विसंगति या भिंतीपुढें कशी उठून दिसते पाहा. रात्रीं बाहेर पडावयाचें तर परवाना, आणि बारीकसारीक गोष्टींसही परवाना! प्रेक्षक हंसतो. परंतु चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेलें लोखंड ठेवलें जातें, तेव्हां तें हंसूं घशांत अडकतें. कारण हाही परवान्यांसारखाच रीतसर कारभार आहे. आणि कोतवाली देतांनाच नानानें आपला हिशेब मांडलेला असतो: सुख आपल्याला, शिव्याशाप कोतवालाला.

येथें एका परकीय चित्राशीं तुलना उपयोगी पडेल. ज्या १९७२ सालीं हें नाटक रंगभूमीवर आलें, त्याच सालीं युगांडाच्या इदी अमीननें आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पुढें १९७४ सालीं बार्बेट श्रोडर या दिग्दर्शकानें अमीनच्याच संमतीनें त्याच्यावर एक माहितीपट काढला. त्यांत अमीन अ‍ॅकॉर्डियन वाजवितो, मूठभर सैनिकांकडून गोलान टेंकड्यांवरील स्वारीची रंगीत तालीम करवितो. हें सारें हास्यास्पद आहे. परंतु मंत्रिमंडळाच्या बैठकींत कॅमेरा अमीनवरून ढळून मंत्र्यांच्या चेहऱ्यांवर येतो. ते माना खालीं घालून टिपणें घेत असतात, आणि हंसूं थांबतें. ज्या परराष्ट्रमंत्र्यावर तेथें ठपका येतो, त्याचें प्रेत पुढें थोड्याच दिवसांत नाईल नदींत सांपडलें. श्रोडरला जें एका प्रसंगांत गवसलें, तें तेंडुलकरांनीं सबंध नाटकाचा पाया म्हणून घेतलें.

नाटक निर्दोष आहे असें मात्र नाहीं. कन्येच्या देहाच्या मोबदल्यांत घाशीराम कोतवाली मिळवितो आणि अपमानाचा सूड घेतो. या कारणामुळें त्याचें क्रौर्य फारच सहज समजतें. खरे कोतवाल पुष्कळदां असल्या कारणावांचूनच क्रूर होतात. नानांच्या चित्रणावरील आक्षेपही केवळ जातीय अभिमानाचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाहीं. पडत्या काळांत पंचवीस वर्षें राज्य सांवरणारा मुत्सद्दी ज्याला या नाटकावरूनच ठाऊक झाला, त्याच्या ज्ञानांत मोठी उणीव राहील. आपलें नाटक ऐतिहासिक नव्हे असें तेंडुलकरांनीं सांगितलें. पण खरें नांव वापरल्यावर एवढ्या खुलाशानें जबाबदारी सरत नाहीं.

तथापि या दोषांनीं मुख्य गोष्ट बाधत नाहीं. अवघ्या १९ प्रयोगांनंतर संस्थेनेंच नाटक थांबविलें. त्यांतील कलावंतांनीं १९७३ सालीं थिएटर अकादमी काढून तें पुन्हा उभें केलें आणि पुढें परदेशांतही नेलें. शेवटीं घाशीराम मरतो, नाना उत्सवाची आज्ञा देतो, आणि तीच रांग पुन्हा नाचूं लागते. प्रेक्षागृहांत टाळ्या पडतात. त्या टाळ्या देतांना आपणही त्या रांगेंत उभे आहों काय, अशी शंका ज्या प्रेक्षकाला चाटून जाईल, त्याला हें नाटक कळलें असें समजावें.