उमेदवार, पारिपार्श्विक आणि सूत्रधार

प्रायोगिक नाट्यसंस्थेतील निर्मितिकार्याची चिकित्सा मराठी नाट्यसमीक्षेत अभावानेच आढळते. संहिता, दिग्दर्शन, अभिनय व नेपथ्य या अंगांचे विवेचन विपुल झाले. परंतु नाट्यगृहाची तारीख मिळविणे, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणणे, जमाखर्च ठेवणे, हस्तपत्रकाचा मजकूर रचणे, वृत्तपत्रांस निवेदन धाडणे आणि प्रेक्षकांशी संपर्क राखणे ही सर्व कामे ‘व्यवस्था’ या एका शब्दात गुंडाळून बाजूस ठेवण्यात आली. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेत यांपैकी बरीच कामे एखाद्या तरुण उमेदवाराच्या वाट्यास येतात. त्याचे नाट्यव्यवहारातील स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता व्यावहारिक वाटतो. वस्तुतः तो भाषेचा व समीक्षेचाही प्रश्न आहे. ज्या कामास नेमके नाव नाही, त्याची नोंद इतिहासात होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते पुढील पिढीस शिकविता येत नाही.

संस्कृत नाट्यपरंपरेत ही उणीव नव्हती. सूत्रधार हा प्रयोगाची सर्व सूत्रे सांभाळणारा. तोच प्रेक्षकांसमोर येऊन कवीचे व नाटकाचे नाव सांगतो. प्रेक्षकांचे मन प्रयोगाकडे वळविणाऱ्या या भाषणास शास्त्रकारांनी ‘प्ररोचना’ ही संज्ञा दिली व भारती वृत्तीच्या चार अंगांत तिची गणना केली. म्हणजे प्रयोग सिद्ध करणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचविणे ही दोन कर्मे एकाच अधिकाराची मानली गेली. सूत्रधाराच्या साहाय्यकासही ‘पारिपार्श्विक’ हे स्वतंत्र नाव आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत हा पारिपार्श्विक मोठा मार्मिक प्रश्न विचारतो : भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे कीर्तिमान कवी असताना विद्यमान कवी कालिदासाच्या कृतीस एवढा मान का? सूत्रधाराच्या उत्तराचा आशय असा, की जुनेपण हे गुणाचे प्रमाण नव्हे. अपरिचित नाटककाराचे नाटक करणाऱ्या प्रत्येक संस्थेस आजही हेच उत्तर द्यावे लागते. येथे लक्षणीय गोष्ट ही, की प्रेक्षकांच्या मनातील शंका साहाय्यकाच्या मुखी घातली आहे. तो केवळ हरकाम्या नव्हे; संस्था आणि प्रेक्षक यांच्या सीमेवर तो उभा आहे.

मराठीत या अधिकाराची वाटणी झाली. दिग्दर्शक नाटक ‘बसवितो’, निर्माता ते ‘उभे करतो’, व्यवस्थापक प्रयोग ‘लावतो’. ही तीन क्रियापदे मराठी नाट्यव्यवहाराची अस्सल संपत्ती होत. ‘सूत्रधार’ हा शब्दही व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातींत आढळतो. परंतु तेथे त्याचा अर्थ प्रयोगाची व्यवस्था पाहणारा एवढाच उरला आहे. प्ररोचना त्याच्याकडून निघाली आणि जाहिरातीच्या चौकटीत गेली. पारिपार्श्विकास तर प्रतिशब्दच लाभला नाही.

हा दुभंग अपरिहार्य होता असे म्हणता येत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे व्यवस्थापक शंकर बापूजी मुजुमदार यांनी ‘रंगभूमी’ मासिकाचे संपादन केले व अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्रही लिहिले. मंडळीचा व्यवहार पाहणारा मनुष्य प्रेक्षकांची जाणही घडवू शकतो, याचा हा ठळक दाखला होय. पुढे १९६० मध्ये ‘रंगायन’ व १९७१ मध्ये ‘आविष्कार’ या संस्था निघाल्या. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने जे केंद्र चालविले, त्याचा लाभ इतर संस्थांनाही झाला. या कार्यामागील निर्मितीची धुरा अरुण काकडे यांनी दीर्घकाळ वाहिली. २०१४ च्या पंढरपूर येथील नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, हा निर्मितिकार्याचाच गौरव होता. तथापि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या अनुभवाचा किती भाग ग्रंथबद्ध होता आणि किती केवळ सहवासातून इतरांपर्यंत पोहोचला होता, हा प्रश्न उरतोच. सहवासाने विद्या मिळते हे खरे. परंतु सहवास संपला की ती विद्याही आटते.

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास हेच सुचवितो. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इप्टा’चे केंद्रीय पथक अंधेरीत एकत्र राहून नृत्यनाट्ये सिद्ध करीत असे; शांती बर्धन व रविशंकर यांच्यासारखे कलावंत त्यात होते. तेथे राहणे, शिकणे आणि निर्मिती करणे यांत भेद नव्हता. पथक विखुरले, त्याबरोबर ती शिक्षणपद्धतीही विखुरली. १९७८ मध्ये जुहूस ‘पृथ्वी थिएटर’ उघडले आणि छोट्या प्रेक्षागृहाभोवती नियमित प्रेक्षक जमविता येतो हे सिद्ध झाले. पुढे संजना कपूर व समीरा अय्यंगार यांनी २०१२ मध्ये ‘जुनून’ ही संस्था काढली, आणि ‘इंडिया थिएटर फोरम’ व ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ यांच्या सहयोगाने नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापनाचे ‘स्मार्ट’ हे प्रशिक्षण सुरू झाले. जे सहवासावर सोपविले होते ते अभ्यासक्रमात आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. मात्र ‘इंटर्न’, ‘आउटरीच’, ‘ऑडियन्स डेव्हलपमेंट’ ही या क्षेत्राची प्रचलित परिभाषा मराठी उमेदवारास आपल्या परंपरेची ओळख करून देत नाही.

‘उमेदवार’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. पूर्वी कचेऱ्यांत नोकरीच्या आशेने विनावेतन राबणाऱ्यास उमेदवार म्हणत. शब्दात आशा आहे, वेतन नाही. नाट्यसंस्थेच्या उमेदवारीतही बहुधा हाच अर्थ टिकून राहिला. ध्येयवादी संस्थेजवळ पैसा नसतो आणि निष्ठेचे मोल करू नये, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु तो अपुरा आहे. बोरिवलीहून वा मुलुंडहून दादर-माहीमला येऊन प्रयोगानंतर शेवटची लोकल गाठणाऱ्या तरुणास विनावेतन उमेदवारी तेव्हाच परवडते, जेव्हा घरी दुसरा मिळवता असतो. ज्यांना हे परवडत नाही ते गळतात, आणि संस्थेचे सूत्रधारही एकाच थरातून येऊ लागतात. ज्या वस्त्यांतून प्रेक्षक यावेत असे संस्थेस वाटते, तेथील भाषा बोलणारा कोणी तिच्या कार्यालयात उरत नाही. मग हस्तपत्रक निर्दोष असते, पण त्याने कोणाचे मन वळत नाही. वेतनाचा प्रश्न अशा रीतीने प्ररोचनेचाच प्रश्न ठरतो.

मुलुंडच्या नाट्यगृहास ज्या कवीचे नाव आहे, त्याने पारिपार्श्विकास प्रस्तावनेत स्थान दिले आणि प्रश्न विचारण्याचा अधिकारही दिला. मराठी प्रायोगिक संस्थांनी आपल्या उमेदवारास श्रेयनामावलीत नाव, कामाचे अल्प का होईना वेतन आणि निर्णयाच्या बैठकीत शंका मांडण्याची मुभा द्यावी, एवढी अपेक्षा यावरून करता येते. विद्यापीठीय अभ्यासकांचे कर्तव्यही स्पष्ट आहे. हस्तपत्रके, हिशेबवह्या, निवेदने व पत्रव्यवहार यांस संहितेइतकीच साधनसामग्री मानून त्यांचे जतन व अध्ययन झाले पाहिजे. तसे झाल्यावाचून मराठी रंगभूमीचा इतिहास रंगमंचावर दिसलेल्यांचाच इतिहास राहील. तो मंच उभा करणारे त्याबाहेरच राहतील.