काठ, पात्र आणि सायकलवाट : एका परिभाषेची चिकित्सा

नगररचनेच्या मराठी परिभाषेत गेल्या काही वर्षांत पाण्याच्या कडेने जाणाऱ्या, मोटारींना मज्जाव असलेल्या सायकलमार्गांची भर पडली आहे. मुंबईत, पुण्यात असे मार्ग योजिले गेले, काही प्रत्यक्षात आले, काही न्यायालयाच्या आदेशाने रद्द झाले. 2023 साली महानगरपालिकेचा दर्जा मिळालेल्या जालन्यापुढेही आज ना उद्या हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. जुना जालना आणि कादराबाद हे शहराचे दोन भाग कुंडलिकेच्या दोन बाजूंस वसलेले आहेत. पलीकडे जाणे म्हणजे नदी ओलांडणे, हा तेथील नित्याचा व्यवहार होय. अशा शहरात नदीकाठाने सायकलवाट व्हावी ही इच्छा सर्वथा योग्य आहे. परंतु वाट आखली जाण्यापूर्वी ती शब्दांत मांडली जाते, आणि ही मांडणी कितपत काटेकोर आहे हे पाहणे भाषाभ्यासकाचे काम ठरते.

पाण्याच्या सीमेविषयी मराठी भाषा मुळीच मोघम नाही. ‘काठ’ म्हणजे पाण्याला लागून असलेली जमीन. ‘तीर’ हा तत्सम शब्द तोच अर्थ अधिक भारदस्तपणे सांगतो. ‘थड’ अथवा ‘थडी’ मध्ये काठालगतचा वस्तीचा आणि शेतीचा मुलूख येतो. गंगथडी, भीमथडी ही प्रदेशनामे त्याची साक्ष देतात, आणि जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा जिने आखली आहे त्या गोदावरीचा काठ गंगथडीतच मोडतो. ‘घाट’ म्हणजे पाण्यापर्यंत उतरण्यासाठी बांधलेली जागा. या सर्वांहून वेगळा शब्द ‘पात्र’. पात्र म्हणजे भांडे. ज्यात नदी मावते ते. त्यात पाणी असो वा नसो, भांडे नदीचेच राहते. कुंडलिकेसारख्या पावसाळी नदीच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. वर्षातील बराच काळ पात्र कोरडे अथवा क्षीण प्रवाहाचे असते, आणि कोरडे पात्र पाहणाऱ्याला ती मोकळी जमीन भासू लागते. डोळ्यांची ही फसगत भाषा टाळू शकते. मात्र त्यासाठी शब्द जागच्या जागी वापरले गेले पाहिजेत.

पुण्याचे उदाहरण येथे बोधक आहे. मुठेच्या पाण्याची वाट असलेल्या जागेतून जाणारा मोटाररस्ता त्या शहरात ‘नदीपात्रातील रस्ता’ याच नावाने ओळखला जातो. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो वाहतुकीस बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. हे नाव अक्षरशः खरे आहे. भांड्यात रस्ता आहे असे ते उघड सांगते. तरीही ते ऐकून कोणी दचकत नाही. अतिवापराने शब्द कसा बोथट होतो, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही. पुढे मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर लांबीसाठी जी योजना आली, तिच्या नावात ‘पात्र’ जाऊन ‘नदीकाठ’ आला, आणि त्याला ‘सुधार’ हे पद जोडले गेले. या योजनेत पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी वाटा आहेत. पण तिच्यावरील मुख्य आक्षेप नेमका हाच आहे की, काठ म्हणून जे बांधले जाते ते पात्राला अरुंद करते. वाद अभियांत्रिकीचा खरा; पण त्याच्या मुळाशी कोठे पात्र संपते आणि काठ सुरू होतो, हा अर्थनिश्चितीचाच प्रश्न आहे.

पवईच्या प्रकरणात हा प्रश्न न्यायालयापुढे गेला. पवई तलावाभोवती सायकल आणि धावण्याचा मार्ग करण्याचे काम मुंबई महानगरपालिकेने हाती घेतले. त्याविरुद्ध याचिका झाली आणि 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. जाळीत दगड भरून केलेली ही रचना पाणी झिरपू देते, म्हणून ती पक्के बांधकाम नव्हे, अशी पालिकेची भूमिका होती. येथे युक्तिवादाचा सारा भार ‘बांधकाम’ या शब्दावर पडला. तथापि पाणथळ जागेचे रक्षण करणाऱ्या नियमांचा प्रश्न दगड कसे रचले हा नसून ते कोठे रचले हा आहे. मोटार नसणे हा त्या मार्गाचा गुण होता, आणि तलावाच्या हद्दीत असणे हा दोष. पहिल्याने दुसरा झाकला जात नाही.

सर्वांत चिकित्सेयोग्य नाव मात्र मुंबईच्याच दुसऱ्या योजनेचे आहे. मुलुंडपासून शीव-धारावीपर्यंत तानसा जलवाहिन्यांच्या कडेने सुमारे 39 किलोमीटरचा सायकलमार्ग योजिला गेला आणि त्याला ‘हरित वारी जलतीरी’ असे नाव देण्यात आले. सरकारी नामकरणाच्या मानाने हे नाव निःसंशय चांगले आहे. ‘तीरी’ मधील जुनी ईकारान्त सप्तमी ‘घरी’, ‘दारी’ यांच्याप्रमाणे कानाला आपली वाटते. ‘वारी’ मध्ये नियमाने केलेली येरझार आहे, पंढरीचे स्मरण आहे, आणि ‘वारि’ म्हणजे पाणी या संस्कृत शब्दाचा ध्वनीही आहे. इंग्रजी नावात निळ्या रेषांची चाकांशी घातलेली सांगड आहे. मराठी नाव त्याचे भाषांतर न होता स्वतंत्रपणे घडले आहे, हे नामकर्त्याचे श्रेय मानले पाहिजे.

पण नावाचे सौंदर्य मान्य केल्यावर त्याची सत्यता तपासावी लागते. जलवाहिनी म्हणजे लोखंडी नळ. नळाला कड असते, तीर नसते. ज्या पाण्यापर्यंत उतरता येते, ज्यात हात बुडवता येतो, त्यालाच मराठीत तीर असते. आणि पाण्याला कोणाचाही स्पर्श होऊ नये, हेच तर जलवाहिनीचे प्रयोजन. शिवाय ही कड रिकामी नव्हती. जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंस दहा मीटर जागा मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता, आणि त्यानुसार तेथील झोपड्या हटविण्यात आल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता हे त्यामागचे कारण क्षुल्लक नव्हते. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये, म्हणून तेथे सायकलमार्ग करणे हेही तर्कसंगत होते. परंतु तेथून उठविलेल्या अनेक कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुल येथे पाठविले गेले. तेथील हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयात गेला, आणि 2019 साली इतरत्र राहण्यासाठी भाडे देण्याचे आदेश झाले. ‘वारी’ हा शब्द सर्वांना सामावून घेणाऱ्या चालीचा आहे. जेथून लोक घालविले गेले त्या पट्टीला तो शब्द देताना नामकर्त्याच्या मनात उपरोध नसेलच. तो उपरोध शब्दाने स्वतःच निर्माण केला आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, नाव म्हणजे योजना नव्हे आणि रस्त्याची परीक्षा काव्याच्या कसोटीवर होऊ नये. आक्षेप वरवर रास्त दिसतो. पण शासनव्यवहारात शब्द हीच मोजपट्टी असते. महाराष्ट्रात पूरप्रवण नद्यांसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत आणि 100 वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत पोचतो, असे मानले जाते. निळ्या रेषेच्या आत काय चालेल आणि काय नाही, हे शब्दांनीच ठरते. तेथे ‘काठ’ हा शब्द सैल वापरला की रेषाही सैल होते. एका योजनेच्या इंग्रजी नावात निळ्या रेषा म्हणजे नळ, आणि जलसंपदा विभागाच्या मराठीत निळी रेषा म्हणजे पुराची मर्यादा. दोन्ही अर्थ एकाच राज्याच्या कागदपत्रांत नांदत आहेत, हे पुरेसे बोलके आहे.

परदेशाचे दाखलेही याच सावधपणे घ्यावे लागतात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या उजव्या काठावर 1967 साली खुला झालेला मोटारमार्ग 2016 साली मोटारींना बंद करून पादचारी आणि सायकलस्वार यांना देण्यात आला. फ्रेंच भाषेत नदीचा काठ, बांधलेला धक्का आणि पाण्यालगतची खालची पट्टी यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्या वादात तो भेद पाळला गेला. मात्र तेथे दगडी धक्के पूर्वीपासून होते, आणि सेन बारमाही वाहते. तेथे असलेल्या रस्त्यातून मोटार काढली गेली. आपल्याकडे बहुधा नसलेला रस्ता पाण्याच्या जागेत घातला जातो. या दोन क्रियांना एकच नाव देणे हा भाषिक दोष आहे आणि व्यावहारिकही.

मराठवाड्याच्या बोलीत या कामी उपयोगी पडेल असा एक शब्द जिवंत आहे : ‘पांदण’. शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याने बंदिस्त, बैलगाडीपुरती वाट म्हणजे पांदण. ग्रांथिक मराठीत तीच ‘पाणंद’ होते आणि शासनाच्या शेतरस्त्यांच्या योजनेतही हा शब्द शिरला आहे. पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहते, ते ओसरले की माणसे पुन्हा चालू लागतात. पाण्याचा पहिला हक्क त्या वाटेने आधीच मान्य केलेला असतो. शिवाय ती कोणाच्या कामाची, हे तिच्या नावातच असते : शेताकडे जाणाऱ्याची. ‘ट्रॅक’ या शब्दात वेग आणि व्यायाम आहे. पोलादाच्या कारखान्यात अथवा मोंढ्यात सायकलने कामावर जाणारा माणूस त्यात नाही.

तात्पर्य, कुंडलिकेच्या बाजूने जर कधी वाट झाली, तर तिच्या आराखड्यात तीन गोष्टी स्वच्छ मराठीत लिहिल्या जाव्यात : ती काठावर आहे की पात्रात, तेथे आज कोण राहते, आणि ती कोणाच्या येण्याजाण्यासाठी आहे. नाव त्यानंतर शोधले तरी चालेल. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या आराखड्यात नाहीत, त्याला कितीही सुरेल नाव दिले तरी ते नाव नसून केवळ झाकण होय.